सुपाचा ठेका

जागेश्वरच्या बायकोची, रुख्माची तेरवी व्हायची होती आणि त्याच आठवड्यात वरातीत बाजा वाजवणाऱ्या केवलरामच्या धुमाल पार्टीला गावातलीच, नवेगाव बांधची एक वरात मिळाली. वरात जागेश्वरच्या दारावरून जाणार होती. एरवी जागेश्वर पार्टीच्या गाडीवर बसून बेंजो वाजवायचा. आता सुतकामुळे तो घरी होता. त्याने केवलरामला बोलावून घेतलं.

"माह्या दारासमोर आले का सुपाचा ठेका वाजवा."

"डोकं फिरलं का तुहं? सुतकाच्या घरासमोर बाजा वाजते का? गाव थुंकल माह्या तोंडावर."

"तिची धून होय ते."

"मले का सांगतं? मले मालूम नाही का?" केवलराम उठला. "पण रीत आहे, भाऊ."

धून आली होती फिनलंडहून. काही वर्षांपूर्वी तलावावरचे पक्षी पाहायला तिकडचा एक माणूस आला होता. विश्रामगृहात रुख्मा स्वयंपाक करायची. तिच्या हातचा भात आणि मासोळीचा रस्सा त्याला फार आवडला. जाताना त्याने तिला एक सीडी दिली. वर एका टकल्या माणसाचा फोटो, हातात जाड तारांची गिटार. त्यानेच सगळं संगीत बांधलं होतं. गाणं एकही नव्हतं, नुसती वाद्यं. कुठे भोंग्यासारखं काही वाजे, खालून ती जाड तार चालत राही.

"गाणारा कुठं गेला याचा?" जागेश्वरने विचारलं होतं.

"नाही आला तेच बरं झालं," रुख्मा म्हणाली होती. "घरात बोलणारे काय कमी आहेत?"

दुपारी काम आटोपलं की ती तीच सीडी लावायची. त्यातली एक धून जागेश्वरने बेंजोवर उचलली, पण पार्टीच्या ढोलवाल्यांना ठेका काही जमेना. चारच्या हिशेबाने वाजवायची सवय, प्रत्येक वेळी एक ठोका उरायचा. रुख्मा अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने सूप उचललं. "पाहा इकडं. तीनदा झटका, मंग चारदा हालवा. धावता कायले?" पोरं हसली, पण त्या सुपाकडे बघत बघत वाजवू लागली. संध्याकाळपर्यंत ठेका बसला. पुढे गोंदियापासून कामठ्यापर्यंत लोक ही धून मागून घेऊ लागले. म्हणायचे, केवलरामची धून. रुख्माला त्याचं काही नव्हतं. जागेश्वरला होतं, पण तो बोलला नव्हता.

वरात निघाली ती त्याच धुनीवर. चौकातून आवाज आला तसा जागेश्वर दारात येऊन उभा राहिला. तीन आणि चार, तीन आणि चार. बेंजोवर कोणी नवा पोरगा होता, पण ठेका तिचाच होता. नाचणारी पोरं शिट्ट्या मारत होती. जागेश्वरच्या घराजवळ येताच केवलरामने हात वर केला आणि सगळं एका झटक्यात थांबलं. ढोलवाले खाली मान घालून चालू लागले. केवलरामने दाराकडे पाहून हात जोडले.

"थांबू नका!" जागेश्वर ओरडला. "वाजवा! रुख्माची धून होय ते! तिनं शिकवली तुम्हाले! तिच्या दारात काऊन मुके झाले?"

नवरदेवाचे वडील उदाराम पुढे आले, त्यांनी जागेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला. "समजते, भाऊ. दुःख मोठं आहे. आत जा." घरातल्या बायांनी त्याला दंडाला धरून आत नेलं. वरात दोन घरं पुढे गेल्यावर बाजा पुन्हा सुरू झाला. एका सिनेमाचं गाणं होतं. जागेश्वर कान लावून बसला. वरात मांडवात पोचेपर्यंत ती धून पुन्हा वाजली नाही.

तेरवी झाल्यावर केवलराम आला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला.

"ती धून बंद केली मी," शेवटी म्हणाला.

"काऊन?"

"तूच बोंबलला ना भर वरातीत, रुख्माची होय म्हणून. उदारामनं तिथंच मना केली. मेलेल्या बाईची धून लग्नात नको. आता तिघा-चौघांनी साईचे आगाऊ पैसे देतानाच सांगितलं, ते सोडून बाकी काहीही वाजवा." मग म्हणाला, "इतके दिवस माह्या नावानं चालून राहिली होती. चालू द्याची होती तशीच."

केवलरामने कपात उरलेला चहा संपवला.

"सोमवारी नागरा गावाला वरात आहे. तू येतं ना? सुतक फिटलं आता."

"नाही फिटलं."

"तेरवी झाली, जागेश्वर."

"तुह्यासाठी झाली असंल," जागेश्वर म्हणाला आणि त्याच्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेला.