हॅलोजनपुढे गुलाबबाई

नारायणगावचे कापडवाले मदनलाल शेटजी गिऱ्हाइकापुढे लुगडं उलगडायचे ते डाग आतल्या घडीत राहील अशा बेतानं. २००४ साली बायकोचा कॅन्सरही त्यांनी तसाच घडीत ठेवला. मुलाची, बंटीची, सगाई मंचरच्या रिद्धीशी ठरली होती. व्याह्यांना कळलं तर सोयरीक मोडेल, ही काळजी पहिली. बायकोची त्यानंतर.

गुलाबबाईंच्या गालात आतून गाठ होती. पुण्याच्या डॉक्टरांनी नव्या प्रयोगातलं औषध टोचलं होतं. त्यात धातू होता. अंगात तो गप्प पडून राहायचा, लाल उजेड टाकला की जागा होऊन गाठ मारायचा. "पण औषध कातडीतही उतरतं," डॉक्टरांनी बजावलं होतं. "महिनाभर ऊन नको, प्रखर दिवा नको. तोंड भाजेल."

शेटजींनी त्यातलं ऊन तेवढं ऐकलं. पाहुण्यांना दिवस मावळायच्या आत जेवू घातलं, सगाई दिवेलागणीनंतर ठेवली, आणि वर "जैन धर्म पाळला, रात्री जेवण नाही" म्हणून मिरवून घेतलं.

मग व्हिडिओवाल्या सुनीलनं हॅलोजन पेटवला.

गुलाबबाईंनी ओढणी हनुवटीपर्यंत ओढली. मंचरच्या बायका हरखल्या. "केवढी मर्यादा बाई!"

ओढणी विरळ जॉर्जेटची. मर्यादा राखत होती, उजेड अडवत नव्हती.

"काकू, तोंड दिसू द्या की," सुनील दिवा आणखी जवळ आणत म्हणाला. "लई झ्याक येतंय."

"अहो, चटका बसतोय," गुलाबबाई पुटपुटल्या.

"दोन मिनिटं सोस," शेटजी हसू न मोडता दातांतून बोलले. "व्याही बघतायत. काढ घुंगट."

बाईंनी बंटीकडे पाहिलं. तो कॅमेऱ्यासाठी भांग नीट करत होता.

त्या उठल्याच. "सुनील, बंद कर तो दिवा! मला कॅन्सर आहे, औषधानं कातडी जळतेय. कुणाला सोयरीक मोडायची असेल तर खुशाल मोडा, पण दिवा विझल्यावर."

दिवा विझला. शेटजी घामानं डबडबले. रिद्धीचे वडील गालिच्याकडे बघत मग खाकरले.

"शेटजी, आता तुमच्याकडचं बाहेर आलंच म्हणून... रिद्धीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लग्नानंतर सांगणारच होतो."

शेटजींच्या तोंडावर रंग परतला. आपल्या तोडीचा व्याही मिळाला की राव! दोघांनी मिठीच मारली.

गुलाबबाई तोवर आतल्या खोलीत गेल्या होत्या. लालबुंद गालावर ओला रुमाल धरून बसल्या होत्या. रिद्धी मागोमाग आली आणि तिनं आधी खोलीतली ट्यूबलाइट बंद केली.