साडूची गाडी

"इंजिन उतरवायला लागेल," गुणाजीनं बॉनेटखालून डोकं बाहेर काढत सांगितलं.

मधुकरचा चेहरा पडला. "पूर्ण?"

"पूर्ण. रिंग-पिस्टन गेलेत. उगाच तेल पितेय काय ती?"

हे सांगताना गुणाजीला आतून गार गार वाटलं. कारण इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं. इंजिनाच्या पोटात कोंडणारा धूर ओढून घेणारा अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह असतो, तो तुंबला होता. आतला दाब वाढून तेल वर हवेच्या फिल्टरात चढत होतं, जळत होतं आणि मागून निळा धूर सुटत होता. साकीनाक्याच्या गॅरेजात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला ते दोन मिनिटांत कळलं होतं. नवा व्हॉल्व्ह बसवायचा, दहा मिनिटांचं काम. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

मधुकर त्याचा साडू. गावाहून आला तेव्हा त्याला पाना धरायला गुणाजीनंच शिकवलं होतं. बायको रत्नप्रभेची धाकटी बहीण नलिनी त्याला दिली, तीही गुणाजीच्याच शब्दावर. मग मधुकर मस्कतला गेला, सहा वर्षांनी परतला, मुलुंडला ब्लॉक घेतला आणि या वर्षी, अठ्ठ्याऐंशीच्या पाडव्याला, ही लाल गाडी. गुणाजी अजून चारकोपच्या दीड खोलीतच होता. दोन बस बदलून कामाला जात होता. हजारभर गाड्या त्यानं खोलून जोडल्या असतील. चालवल्या त्या फक्त चौकापर्यंत आणि परत, ट्रायल म्हणून.

आज सकाळी गाडी गल्लीत शिरली तेव्हा सगळा सेक्टर ओट्यावर आला. नलिनी काळा चष्मा लावून उतरली. "भावोजी, घाटकोपरपासून नुसता धूर हो," ती म्हणाली, तेही मिरवल्यासारखंच. रत्नप्रभेनं पुढे होऊन बॉनेटवरची धूळ पदरानं पुसली. ते गुणाजीला फार लागलं. त्याचे ग्रीसचे कपडे ती चिमटीत धरून वेगळ्या बादलीत टाकायची. आणि ही कोणाची गाडी, हिच्यासाठी पदर!

वर हा मधुकर. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, उजवा हात खिशात. एके काळी इंजिनात कोपरापर्यंत घुसणारा माणूस, आता दोन हात लांब उभा राहून, "बघ ना गुणाभाऊ, तूच बघ," म्हणत होता. साहेब झाला होता.

"मग विकूनच टाकतो," मधुकर आता हळूच म्हणाला. "तू म्हणतोस तर तसंच असणार."

"वीक," गुणाजी म्हणाला. रद्दी विकावी इतक्या सहज.

मधुकर जरा घुटमळला. "तो धुराचा व्हॉल्व्ह पण बघितलास ना?"

गुणाजी चमकला. हा विसरला नव्हता तर. आता खोटं उघडं पडणार, या भीतीनं त्याला उलट चेवच आला. त्यानं इंजिन चालू केलं, रबरात बसलेला व्हॉल्व्ह नळीसकट उपटला आणि मधुकरपुढे धरला. "घे, तूच बघ! साहेबांना हात काळे करायला नकोत काय? ठेव बोट तोंडावर."

मधुकरनं खिशातून हात काढला. बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर ठेवलं. हा चालू असला की बोट आत खेचल्यासारखं होतं; गुणाजीनंच कधीतरी शिकवलेलं. तुंबलेला असला की काही लागत नाही.

"ओढतोय," मधुकर म्हणाला. "म्हणजे हा बरा आहे."

गुणाजी बघतच राहिला. व्हॉल्व्हचं तोंड काळ्या चिकट काजळीनं लिंपलेलं होतं. त्यातून फुंकरभर हवा जात नव्हती. चेष्टा करतोय की काय आपली?

तेवढ्यात करपल्याचा वास आला. मधुकर वाकून बघत होता आणि तोच उजवा हात त्यानं आधाराला टेकवला होता, एक्झॉस्टच्या तापलेल्या लोखंडावर.

"हात, हात काढ!" गुणाजीनं मनगट धरून खेचलं. तळव्याची कातडी पांढरी पडली होती. मधुकर त्याकडे दुसऱ्याच्या हाताकडे बघावं तसं बघत होता.

गुणाजीनं इंजिन बंद केलं. बाहेरच्या पिंपातलं पाणी तांब्यातांब्यानं त्या हातावर ओतत राहिला. मनगटावर आडवा, जाड, जुना व्रण होता.

"कधी झालं?"

"तिकडेच. मशीनच्या पट्ट्यात सापडला. शिरा तुटल्या. पुढचं काही कळत नाही. मघाशी 'ओढतोय' म्हणालो, तेही अंदाजानंच." मधुकर ओट्याकडे नजर टाकून म्हणाला, "कंपनीनं भरपाई दिली, त्याचीच ही गाडी. गावात सांगू नको. नलू आणि मी, दोघांनाच ठाऊक आहे."

मग डाव्या हातानं त्यानं दुसऱ्या खिशातून एक पुडी काढली. आत नवाकोरा व्हॉल्व्ह होता.

"मला वाटलं होतं हाच गेलाय. परवा घरी बसवायला गेलो. नळीची क्लिप हातात राहीना. चार वेळा खाली पडली. आणि आज तू इंजिन म्हणालास. म्हटलं, आता डोकंही गेलं आपलं."

गुणाजीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"मधू, डोकं नाही गेलं. हाच व्हॉल्व्ह आहे. मला आल्या आल्या कळलं होतं."

मधुकरनं त्याच्याकडे पाहिलं. मग पुडी त्याच्यापुढे धरली. गुणाजीला वाटलं, त्यानं शिवी तरी घालावी.

"बर्नॉल आणतो," गुणाजी म्हणाला. आणलं, लावलं, वर स्वच्छ फडकं बांधलं. बोटं तेवढी मोकळी ठेवली. मग नवा व्हॉल्व्ह रबरात दाबून बसवला, त्यावर नळी चढवली आणि क्लिप उचलली.

"दे इकडे," मधुकर म्हणाला.

गुणाजीनं क्लिप दिली.

मधुकर वाकला. बोटांना कळत नव्हतं ते डोळ्यांनी बघून, एकेक बोट जागेवर नेत, त्यानं क्लिप पकडली. ती सटकली. चेसिसवर पडली. गुणाजीचा हात आपोआप पुढे झाला. त्यानं तो मागे घेतला.

"जेवायला येताय ना?" दारातून रत्नप्रभेनं हाक मारली. "भात निवला! अजून झालं नाही होय?"

"मधुकर बसवतोय," गुणाजी म्हणाला. "आम्हाला वेळ लागेल."

आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून तो साडूच्या बाजूला उभा राहिला.