तलवार बदक आणि काळं मडकं

मी तलवार बदक बोलतोय. नावावर जाऊ नका. उभ्या जन्मात मी कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. शेपटीत दोन लांब, टोकदार पिसं आहेत, तेवढ्यावरून माणसांनी हे नाव ठेवलं. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू!

माझा जन्म दूर उत्तरेतल्या दलदलीत झाला. तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळायचंच विसरतो. पाणी गोठू लागलं की आम्ही दक्षिणेची वाट धरतो. पहिल्यांदा हिमालय ओलांडला तेव्हा खाली नुसता बर्फ पसरला होता. केवढं हे जग, आणि त्यात मी केवढासा! आजही आठवलं की ऊर भरून येतो.

हिवाळा काढायला आम्ही नाशिक जिल्ह्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर उतरायचो. दुसऱ्या वर्षी तिथं पाण्यावर काळी मडकी तरंगताना दिसली. आधी आम्ही लांबच राहिलो. पण मडकी काही करेनात, तशी आमची भीड चेपली. मी तर एका मडक्यावर बसूनही पाहिलं. अति शहाणा, दुसरं काय!

एका सकाळी त्यातलं एक मडकं वाऱ्याच्या उलट दिशेनं आलं. त्याला दोन भोकं होती आणि भोकांतून डोळे बघत होते. मी आ वासून पाहत राहिलो. तोवर कुणीतरी पाय धरून मला पाण्याखाली ओढलं.

तो इब्राहिम होता. डोक्यावर मडकं घालून, गळाभर पाण्यातून तो असे पक्षी धरायचा. आमची भीती मोडावी म्हणून आधीची रिकामी मडकीही त्यानंच सोडली होती. धरलेला पक्षी लगेच मडक्याच्या आत, श्वासाला आणायचा. कारण बुडून मेलेलं त्याच्या धर्मात चालत नाही. जिवंतपणी अल्लाचं नाव घेऊनच सुरी फिरवावी लागते. पण त्या दिवशी त्याचा पाय गाळात रुतला आणि मी खालीच राहिलो. त्याची धडपड ऐकून थवाही उडून गेला.

काठावर त्यानं मला बायकोपुढे ठेवलं. मला पंख हलवता येईना, फक्त दिसत आणि ऐकू येत होतं.

"नूरबानो, धुकधुक हाय का बघ. असंल तर सुरी दे."

नूरबानोच्या कडेवर तान्ही लेक जहिदा होती. नूरबानोनं माझ्या पंखाखाली हात घातला. माझं काळीज थाडथाड उडत होतं. तिची बोटं तिथंच थबकली.

"नाय," ती म्हणाली. "गेलंय."

इब्राहिम थंडीनं निळा पडला होता. घरी नुसती भाकरी होती. तरी त्यानं पुन्हा विचारलं नाही. "मग हराम झालं," एवढंच म्हणून सुरी कमरेला खोचली. मी पर्वत पाहिले होते. पण भुकेल्या माणसाला असा हात मागे घेताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"टाकून येते," म्हणत नूरबानोनं मला लव्हाळ्यात नेलं आणि हलकेच पाठ चोळली. "आमची जहिदा बी जन्मली तवा अशीच गार पडली व्हती. सुईण म्हणली, गेली. मी म्हणलं, जरा दम धरा." मग कुजबुजली, "जा बाबा."

मी सगळं बळ एकवटून झेपावलो. त्याच क्षणी जहिदानं माझी शेपटी धरली. दोन्ही तलवारी तिच्या मुठीत राहिल्या आणि मी बोडक्या शेपटीनं इब्राहिमच्या डोक्यावरून उडालो.

त्यानं वर पाहिलं. मग पोरीच्या मुठीकडे. मग बायकोकडे.

"नूरबानो, मेलेलं उडालं की गं!"

"अल्लाची मर्जी," ती खाली मान घालून म्हणाली. आणि इब्राहिम खो खो हसत सुटला.

तलवारी पुन्हा उगवल्या. आता मी म्हातारा झालोय. पुढच्या खेपेला हिमालय मला वाट देईल की नाही, सांगता येत नाही. माणसांनो, तुम्हालाही पोट आहे, पाण्यात मडकी सोडू नका असं कसं म्हणू? फक्त काठावर एखादी नूरबानो असू द्या.