चार नंबरची खाट

चिकोडीची गाडी हॉर्न वाजवत निपाणीच्या रस्त्यावरून गेली आणि वृद्धाश्रमातल्या आयांनी हातातल्या कपबशा खाली ठेवल्या. ही गाडी गेली की म्हाताऱ्यांना खिडकीकडं वळवायचं, दोन तासांनी कोल्हापूरची आली की दाराकडं. तंबाखूच्या वखारी सोडून आलेल्या या बायकांना घड्याळ कळत नव्हतं, म्हणून कांबळे सिस्टरनं त्यांना एस.टी. शिकवली होती. एका अंगावर पडून राहिलं की कातडी कुजते, हे पटवायला तिनं मालुबाईला तासभर फळीवर निजवलं.

"आयाय गं, कंबर मेली की माझी!" मालुबाई ओरडली, आणि शिकवणी पुरी झाली. सहा महिन्यांत अकराजणांच्या पाठीवरच्या जखमा भरून आल्या.

एकच राहिली, चार नंबरच्या खाटेवरची. तिथं धोंडूबाई होत्या, आश्रमाचे अध्यक्ष बाबगोंडा अण्णा यांची विधवा चुलती. पंधरा खोल्यांच्या घरात अण्णांना चुलतीसाठी एक कोपरा सापडला नव्हता. विटाळाची मात्र त्यांना भारी काळजी. कांबळे सिस्टरच्या जातीचा हात काकींना लागायचा नाही, आयांचाही नाही, असा त्यांचा नियम. घरची मोलकरीण सकाळी एकदा येई, पुसून जाई. दिवसभर काकी उताण्या. काकींना वळवू द्या म्हणून सिस्टरनं तीनदा अर्ज दिला. अण्णांनी तो तिच्या हातून घेतलासुद्धा नाही, टेबलावर ठेवायला लावला. असल्या माणसाला गाव धर्मात्मा म्हणत होतं. म्हणो बापडं.

सन अठ्ठ्याहत्तरच्या वर्धापनदिनाला बेळगावचे पाहुणे आले. अण्णांनी काकींवर हनुवटीपर्यंत नवी चादर ओढायला लावली. वास दबावा म्हणून खाटेखाली उदबत्त्या लावल्या.

"आमच्या काकी हितं राणीवानी हाईत," अण्णा सांगत होते.

तेवढ्यात चिकोडीच्या गाडीचा हॉर्न वाजला. आया पाहुण्यांना विसरून आपापल्या खाटांना भिडल्या. गडबड थांबली तसा चार नंबरवरून बारीक आवाज आला, "सगळ्यांची गाडी आली. माझी कवा येणार गं, सिस्टर?"

सहा महिने सिस्टर या नियमाला भ्याली होती, आणि आता तिला अण्णांपेक्षा स्वतःचीच जास्त लाज वाटली. ती पुढं झाली.

"ए बाई, शिवू नगंस!" अण्णा गरजले.

"मग तुमी धरा, अण्णा. ह्या अंगानं मी, त्या अंगानं तुमी."

अण्णा दोन पावलं मागं सरले. पलीकडून मालुबाईनं हात घातला. चादर सरली, काकी कुशीवर झाल्या. पाठीत तळहाताएवढा खड्डा होता, आत हाड दिसत होतं. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. राणीचा थाट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला.

"उद्यापासनं कामावर यायचं न्हाय तू," अण्णा फणकारले.

"सिस्टर न्हाईत तर आमी बी न्हाय," मालुबाई म्हणाली. "बारा म्हाताऱ्यांचं हगणं-मुतणं तुमीच काढा."

अण्णांचा सारा धर्म तेवढ्या एका वाक्यासरशी आणखी दोन पावलं मागं सरला. सिस्टर राहिली.

पण धोंडूबाईंना फार उशीर झाला होता. अठराव्या दिवशी त्या गेल्या. अण्णांनी काकींच्या सेवेचा संगमरवरी फलक बसवला, त्यावर स्वतःचं नाव काकींपेक्षा मोठं. सिस्टरनं तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. त्या अठरा दिवसांत धोंडूबाईंची एकही गाडी चुकली नव्हती.