सुतकातले लाडू

हिरामण गेल्यापासून प्रणालीची पाठ जमिनीला टेकली नव्हती. सासरा गेला, त्याचं चार आसवं गाळून दुःख तरी करावं, एवढीही सवड तिला मिळेना. सुतकाच्या घरात सुनेला सवड कसली! उरणच्या आसपासच्या गावांतून सोयरेधायरे टेम्पो भरभरून येत होते. दारात पाय ठेवला की बायका गळा काढायच्या, सासूच्या गळ्यात पडायच्या, मग नाक पुसून भिंतीला टेकायच्या आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराकडे वळायच्या. चहा. या घराच्या रीतीप्रमाणे सुतक फिटेपर्यंत कढई चढत नाही, फोडणीचा वास उठत नाही; जेवण शेजारपाजारचे आणून देतात. चहाला मात्र कोणी नियम लावलेला नाही. प्रणालीच्या बोटांना आल्याचा वास कायमचा चिकटला होता.

नुसतं दमणं परवडलं असतं. खरा घोर सासूचा होता. सोनाबाई हॉलच्या कोपऱ्यात चटईवर बसून होत्या आणि चहाच्या घोटाखेरीज त्यांनी तोंडात काही घेतलं नव्हतं. ताट पुढे आलं की त्या ते हळूच बाजूला सारायच्या. रागाने नाही, रुसून नाही. चुकून दुसऱ्याचं ताट आपल्यापुढे आल्यासारखं. त्यात त्यांना साखरेचा आजार. काल न्हाणीत जाताना भोवळ आली, दाराची कड हाताला लागली म्हणून डोकं वाचलं. आज सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. गोळ्या बंद करा म्हणाले, आणि उद्या सकाळपर्यंत पोटात अन्न गेलं नाही तर सरळ ॲडमिट करा. म्हणजे नवऱ्याच्या दहाव्याला बाई दवाखान्यात, सलाइन लावून. प्रणालीचा नवरा निकेत पोर्टात ट्रेलर चालवतो, आडदांड गडी. तो आईपुढे हात जोडून लहान पोरासारखा रडला. आईने त्याचे डोळे पदराने पुसले आणि ताट सारलं ते सारलंच.

दुपारी जरा पांगापांग झाली तेव्हा चहाची पावडर शोधताना प्रणालीच्या हाताला वरच्या फळीवरची पीनट बटरची बरणी लागली. शेजारी ओट्सचं अर्धं पाकीट. ही निकेतची इस्टेट. मागे त्याने जिमची हौस केली होती. हौस लवकरच आटोपली, बरणी तेवढी मागे उरली. तेव्हा मोबाइलमध्ये बघून तिने त्याला या दोन्हींचे लाडू करून दिले होते. ना भाजणं, ना तळणं, ना गॅस पेटवणं. आणि सोनाबाईंनीही एक चाखून ‘बरा लागतो’ म्हटलं होतं. त्यांनी एखाद्या पदार्थाला बरं म्हणणं म्हणजे दुसऱ्या कोणी टाळ्या वाजवण्यासारखं होतं.

कढई चढवायची नाही ना? मग नाही चढवत. भाताचे चार घास उतरत नसतील, पण शेंगदाण्याचा एक लाडू गेला तरी रात्र निभेल. एवढ्या विचारानेच तिला हुशारी आली.

बरणीत तेल वर तरंगत होतं आणि खाली गोळा दगड झाला होता. चमच्याने ढवळता ढवळता मनगट भरून आलं. तिने परातीत ओट्स घेतले, त्यावर ते पीनट बटर ओतलं, गोडाला म्हणून मोजकाच खजूर कुस्करून घातला, चिमूटभर मीठ टाकलं आणि मळायला बसली. मिश्रण हाताला भयंकर चिकटत होतं. लाडू वळावा तर अर्धा तळव्यावरच राहायचा. ओट्यावर तिळाची पुडी फोडलेली दिसली. तिने ताटात तीळ पसरले आणि एकेक लाडू त्यात घोळवला. आता कसे छान सुटे झाले. पितळेच्या ताटलीत ते ओळीने मांडले आणि दमलेल्या माणसाला होतो तसा तिला उगाचच मोठा आनंद झाला.

तेवढ्यात पाण्याचा तांब्या घ्यायला नीराबाई आत आल्या. हिरामणची थोरली बहीण. घरातल्या रीतीभाती त्यांच्या तोंडपाठ. त्यांनी ताटलीकडे पाहिलं आणि तांब्या हातातच राहिला.

“अगो बाय माजे! घरान पिंड मांडलंस?”

प्रणालीने खाली पाहिलं. पितळेची ताटली. फिकट गोल गोळे. वर काळे तीळ. आणि ती पुडी दहाव्यासाठीच आणून ठेवलेली होती, दर्भाच्या शेजारी.

“आत्या, लाडू हायेत ते. ओट्सचे. आईंसाठी केले.”

“वयनीला पिंड भरवतेस? अजून दहावा व्हायचा हाय!”

हॉलमधल्या बायका दारात गोळा झाल्या. कोणी तोंडावर हात ठेवला, कोणी रामराम म्हटलं, एकीला हसू आलं ते तिने पदरात दाबलं. प्रणालीचं डोकं तापलं. तिने एकेक लाडू उचलला आणि अंगठ्याने दाबून दाबून सगळ्यांची थालीपिठं केली. “आता झाली ना बिस्किटं?” ती ओरडली. सुतकाच्या घरात सुनेने आवाज चढवलेला त्या बायकांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकला. नीराबाई पाणी न घेताच वळल्या आणि बाकीच्याही त्यांच्यामागे गेल्या.

प्रणालीने ओट्याखालीच फतकल मारली. आता हे कोण खाणार? सासू तर नाहीच नाही. उद्या सकाळी दवाखान्याची पिशवी भरायची, तीही आपणच. तिने चेपटलेला एक लाडू उचलला आणि कचकन दातांनी तोडला. घास तोंडात फिरला तेव्हा तिला उमगलं की कालपासून आपणही काही खाल्लेलं नाही. सगळ्यांना वाढण्यात राहूनच गेलं. मग ती खातही होती आणि रडतही होती, दोन्ही आवाज न करता.

भिंतीला धरधरून सोनाबाई दारात आल्या. गलका त्यांनी ऐकला असणारच. सुनेकडे पाहत त्या कण्हत कण्हत तिच्या शेजारी खाली बसल्या.

“खा, खा. पुरा नको खाऊस,” त्या म्हणाल्या.

प्रणालीला काही कळेना. सोनाबाई ताटलीकडे न बघता तिच्या हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत होत्या.

“लगीन झाला तवापासून मी पयली कवाच जेवली न्हाय गो. ते जेवून उठायचे, मंग त्यांच्याच ताटान मी बसायची. आता तुमी सगली मना कोरी ताटा आणून देता. कोऱ्या ताटान घास उतरतच न्हाय, काय करू?”

एवढे दिवस घरातली सगळी माणसं पदार्थ बदलत होती. पिठलं नको तर वरण, वरण नको तर पेज. प्रणालीला स्वतःची शरम वाटली आणि सासूची विलक्षण कीव आली.

सोनाबाईंनी तळवा पुढे केला. प्रणाली घाबरली. नवऱ्याचं उष्टं बायको खाते; सुनेचं उष्टं सासूने खाल्लेलं या गावात कोणी पाहिलेलं नाही. “आई, हा नको. दुसरा देते.”

“दुसरा पिंडच लागंल मना. ह्यो तुजा उष्टा हाय, द्ये.”

त्यांनी तुकडा तिच्या हातातून काढूनच घेतला आणि तोंडात घातला. बराच वेळ चघळला. मान खाली होती, डोळ्यांतून पाणी गालावर ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग घास गिळला. गळ्याची शीर हललेली प्रणालीने स्वतः पाहिली.

“आजपासून तू आदी जेवायचा,” सोनाबाई म्हणाल्या. “तू उपाशी ऱ्हायलीस, तर मी पन उपाशी.”

प्रणालीने दुसरा लाडू उचलला. भूक आता तिला नव्हती. तरी तिने तो अर्धा खाल्ला.