उत्तरासाठी सोडलेली जागा

रेकॉर्डिंग स्टुडिओत तिला सगळे कानसेन म्हणायचे. कान असा की दुसऱ्या खोलीतला पंखा कुरकुरला तरी हिला कळायचं, आणि तोंड मात्र फटकळ. चर्चच्या फादरांनी तिला गाठलं ते त्या कानासाठीच. अंथरुणाला खिळलेल्या लोकांना फोनवर रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ, ऐकवायचं त्यांनी ठरवलं होतं, रोज सकाळी अकराला. प्रत्येक प्रार्थना अर्धी फादर म्हणणार, मग दहा सेकंदांची रिकामी जागा, आणि उरलेली अर्धी ऐकणाऱ्याने आपल्या घरी म्हणायची. अशा पन्नास जागा.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी आल्या. त्या दहा सेकंदांत फोन बंद पडला असं वाटतं म्हणे. खरंच होतं ते. यंत्रातली शांतता अगदी कोरी असते, खऱ्या खोलीत काही नसलं तरी काहीतरी वाजत असतं. मग कानसेन एका दुपारी रिकाम्या चर्चमध्ये गेली, पंखे बंद केले, दारं लावून घेतली आणि तिथली शांतता रेकॉर्ड करून आणली. तिचा दहा सेकंदांचा तुकडा पन्नासही जागांत चिकटवून ती मोकळी झाली.

दोन दिवसांत मेसेज यायला लागले. उत्तर देणाऱ्या बाई कोण? फार मनापासून म्हणतात.

"कसली बाई?" ती फादरांवरच उखडली. "मी एकटी होते तिथे, आणि मी तर तोंडही उघडलं नाही."

"तुम्ही तोंड उघडलं नाही, हे एक नवलच," फादर म्हणाले. "पण मलाही पुटपुट ऐकू येते. जरा बघा."

घरी येऊन तिने हेडफोन लावले, आवाज पार वर नेला. खरंच कुणीतरी प्रार्थनेची शेवटची ओळ म्हणत होतं, "आता आणि माझ्या मरणाच्या वेळी. आमेन."

सगळं जग 'आमच्या मरणाच्या वेळी' म्हणतं. 'माझ्या' म्हणणारी एकच बाई तिला ठाऊक होती, आणि ती शेजारच्या खोलीत पडून होती. तिची आई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने तिची वाचा गेली, तेव्हापासून एक अक्षर नाही. लहानपणी कानसेनने तिला कितीदा टोकलं होतं, आई, चुकतेस तू. आई ढिम्म. वर म्हणायची, "आमच्या म्हटलं की तू पण आलीस त्यात. माझ्या मरणाचं मी मागेन. तुझं नाव मी तिथे काढायची नाही."

दोन वर्षं त्या आवाजासाठी तिचा जीव तुटत होता. आता मिळाला तो पन्नास वेळा मिळाला. भीती वाटत होती तरी ती ऐकत राहिली आणि ओक्साबोक्शी रडली.

फादरांना मात्र चैन पडेना. "लोक प्रार्थना सोडून त्या बाईंचीच चर्चा करतायत. कुणी चमत्कार म्हणतंय, कुणी भूत. मला दोन्ही नको. पुसून टाका."

"पुसणार नाही, फादर. माझी आई आहे ती."

फादर म्हणाले, "बरं, ती तुमच्यापाशी राहू द्या. लोकांसाठी नवी शांतता आणा."

हे तिला पटलं. दुसऱ्या दुपारी मावशीला आईपाशी बसवून ती चर्चमध्ये गेली. दारं लावली, फोन बंद केला, श्वाससुद्धा जपून घेतला. कान टवकारून बसली, पण काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. सुटले, असं तिला वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

संध्याकाळी मावशी घरी गेल्यावर आईच्या उशाशी बसूनच तिने तो तुकडा हेडफोनवर लावला. आवाज होताच. आधीपेक्षा जवळून, माईकला तोंड लावून बोलल्यासारखा.

"आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन."

तिने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आमच्या. तिसऱ्यांदा ऐकलं. आमच्याच.

हेडफोन काढून तिने वर पाहिलं. आई टक लावून तिच्याकडेच बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"आई, चुकतेस तू," कानसेन म्हणाली. "माझ्या म्हण. नेहमीसारखं माझ्या म्हण ना गं."

आईचे ओठ हलले नाहीत. धड होता तो एक हात तिने कसाबसा उचलला, आणि लेकीच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला.