पाळण्याचे पाय

मर्गिलानच्या बाजारात गुरुवारी पाळणे विकताना मी सकाळपासून एकच वाक्य बोलत असतो, रिकामा पाळणा हलवू नका. बायका तरी हलवून बघतातच. तीस वर्षं झाली, आता जीभसुद्धा दमली आहे.

होसियत आपा आल्या तेव्हा दुपार झाली होती आणि मी तंदुरात भाजलेले दोन समोसे घेऊन जरा टेकलो होतो. त्यांच्या पाठीवर पाळणा होता. मी तो लांबूनच ओळखला, कारण त्यावरची लाल फुलं माझ्याच हातची. वसंतात त्यांनी तो मुलीसाठी, मुनिरासाठी नेला, तेव्हा तिला सहावा महिना होता. बाळाआधी पाळणा घरात आणू नये, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण त्यांना घाई होती आणि मला गिऱ्हाईक हवं होतं. दोघांनीही अळीमिळी गुपचिळी केली.

बाळ जन्मलं ते मेलेलंच.

पाळणा परत घ्या, पैसे नकोत, असं आपा म्हणाल्या. मी सरळ नाही म्हणालो. असा पाळणा आमच्या पाळणेवाल्यांच्या ओळीत कुणी ठेवून घेत नाही. कळलं तर एकही बाई दुकानाची पायरी चढणार नाही. मग जाळून टाका, असंही मी वर म्हणालो आणि माझीच मला लाज वाटली.

"जाळवत नाही," आपा म्हणाल्या. "आणि मुनिरा तो रोज हलवते, उस्ताद. रिकामाच. मी रागावते, तरी हलवते. मला आता तो आवाज ऐकवत नाही."

मी समोसा खाली ठेवला. पाळणा उलटा केला, खुंट्या ठोकून काढल्या आणि ज्यांवर तो जमिनीवर डुलतो ते दोन्ही बाकदार पाय सुटे केले. घट्ट बसवले होते, वेळ लागला.

"आता घरी न्या. पेटीसारखा गप्प बसेल. रजया ठेवा त्यात. पाय माझ्याकडे राहू देत, लागतील तेव्हा बसवून देतो."

"आणि नाहीच लागले तर?"

मी मागच्या भिंतीकडे वळलो. तिथल्या खुंटीवर आधीपासून एक जोडी आहे, जुनी, काळी पडलेली. नवी जोडी मी तिच्याशेजारी अडकवली.

"ते कुणाचे?" आपांनी विचारलं.

"माझ्या घरचे. बावीस वर्षं झाली. पाळण्यात बायको कांदे ठेवते."

आपा हळूच खाली बसल्या. दुसरा समोसा मी त्यांच्यापुढे सरकवला. तो गार झाला होता, तरी त्यांनी खाल्ला.